कॅमेरा रोलचा आयएसओ चुकीचा वाचतोय? आधी सहा चौकोन बघा

आजचा विषय छोटा वाटतो, पण त्याच्यापायी अख्खा रोल वाया जाऊ शकतो. कपाटातून काढलेला किंवा सेकंडहँड घेतलेला ऑटोमॅटिक फिल्म कॅमेरा. आत ४०० चा रोल घातला, पण स्क्रीनवर १०० दिसतोय. किंवा स्क्रीनच नाही, सगळं आतल्या आत चालतं, आणि धुऊन आलेली निगेटिव्ह बघितल्यावर कळतं की काहीतरी बिनसलं होतं. दुकानदार म्हणतो, सर्किट गेलं. लॅबवाला म्हणतो, रोल जुना होता. आपण कॅमेरा परत कपाटात ठेवून देतो.

फिल्मचा रोल आज स्वस्त नाही. त्यावर धुलाई, स्कॅनिंग आणि कुरिअर. आणि पैसे गेले तरी एक वेळ चालेल, पण आजीच्या पंच्याहत्तरीचे छत्तीस फोटो पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून हा दोष नेमका कुठे आहे, हे घरी बसून कसं ओळखायचं ते आज बघू. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं असायची गरज नाही. सहा चौकोन वाचता आले की पुरे.

कॅमेरा आकडा वाचत नाही

पहिली गोष्ट पक्की करून घेऊ. रोलवर छापलेला २०० किंवा ४०० हा आकडा कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याला डोळे नाहीत. रोलच्या धातूच्या कॅसेटवर जे काळे आणि चंदेरी चौकोन असतात, त्यांच्यातून वीज जाते की नाही, एवढंच तो तपासतो. चंदेरी म्हणजे उघडा धातू, त्यातून वीज जाते. काळा म्हणजे रंग लावलेला भाग, त्यातून जात नाही. बस, इतकंच. याला डीएक्स कोड म्हणतात.

ही पद्धत कोडॅकने १९८३ मध्ये आणली. त्याआधी प्रत्येक रोल घातल्यावर कॅमेऱ्यावरची चकती फिरवून फिल्मचा स्पीड हाताने लावावा लागे. १०० चा रोल संपवून ४०० चा घातला आणि चकती फिरवायची राहिली, की सगळा रोल चुकीच्या प्रकाशात जायचा. हा विसरभोळेपणा टाळण्यासाठी डीएक्स आलं. काही वर्षांतच जवळजवळ सगळ्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्यांत ते बसलं.

इथे दोन गोंधळ आधीच दूर करू. निकॉनच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर जे डीएक्स लिहिलेलं असतं ते सेन्सरच्या आकाराचं नाव आहे. त्याचा आणि आपल्या विषयाचा संबंध नाही. दुसरं, निकॉन एफएम२, एफएम१० किंवा पेन्टॅक्स के१००० यांसारख्या हाताने चालवायच्या कॅमेऱ्यांत डीएक्स नसतंच. तिथे आकडा तुम्हीच लावायचा. त्यामुळे आजची चर्चा आहे ती ऑटोफोकस एसएलआर आणि खिशात मावणाऱ्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्यांची.

सहा चौकोनांची भाषा

आता एक रोल हातात घ्या. प्लास्टिकच्या डबीतून बाहेर काढा. धातूच्या कॅसेटच्या एका टोकाला स्पूलचा दांडा थोडा बाहेर आलेला असतो. तो दांडा तुमच्या डाव्या हाताला येईल असा रोल आडवा धरा आणि चौकोनांची पट्टी समोर आणा. चौकोनांच्या दोन ओळी दिसतील, प्रत्येक ओळीत सहा. आपलं काम वरच्या ओळीशी आहे. खालच्या ओळीत किती फोटोंचा रोल आहे आणि फिल्म किती चूक सहन करते, ही माहिती असते. बरेच कॅमेरे तिच्याकडे बघतही नाहीत.

वरच्या ओळीतले चौकोन डावीकडून एक ते सहा असे मोजा.

पहिला चौकोन कायम चंदेरी. ही अर्थिंगची जागा समजा. बाकी सगळ्यांची तपासणी हिच्या संदर्भाने होते.

दुसरा, तिसरा आणि चौथा मिळून मुख्य आकडा ठरवतात. सुरुवात २५ पासून होते. दुसरा चंदेरी असेल तर स्पीड एक स्टॉप वाढतो, म्हणजे दुप्पट. तिसरा चंदेरी असेल तर दोन स्टॉप, म्हणजे चौपट. चौथा चंदेरी असेल तर चार स्टॉप, म्हणजे सोळा पट.

पाचवा आणि सहावा बारीक फरक सांगतात. फक्त पाचवा चंदेरी असेल तर मुख्य आकडा जसाच्या तसा. फक्त सहावा असेल तर त्याच्यापुढे एक तृतीयांश स्टॉप, उदाहरणार्थ १०० ऐवजी १२५. दोन्ही असतील तर दोन तृतीयांश, म्हणजे १६०.

तीन चौकोनांच्या आठ जोडण्या आणि प्रत्येकीचे तीन प्रकार, असे एकूण चोवीस स्पीड होतात. २५ पासून ५००० पर्यंत. नेहमीच्या रोलचे नमुने असे दिसतात:

१०० – चंदेरी, काळा, चंदेरी, काळा, चंदेरी, काळा
२०० – चंदेरी, चंदेरी, चंदेरी, काळा, चंदेरी, काळा
४०० – चंदेरी, काळा, काळा, चंदेरी, चंदेरी, काळा
८०० – चंदेरी, चंदेरी, काळा, चंदेरी, चंदेरी, काळा
१६०० – चंदेरी, काळा, चंदेरी, चंदेरी, चंदेरी, काळा

ही यादी पाठ करू नका. मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा. १०० चा नमुना मात्र आपोआप लक्षात राहतो, कारण तो एकाआड एक आहे.

घाण आकडा खाली आणते, ओरखडा वर नेतो

आजच्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सावकाश समजून घेऊ.

कॅमेऱ्यात रोल बसतो त्या खोबणीत छोट्या स्प्रिंगच्या पिना असतात. प्रत्येक पिन आपापल्या चौकोनावर टेकते. समजा, एका पिनेवर मळ बसला. चौकोन चंदेरी असूनही वीज जाणार नाही. कॅमेरा समजेल, हा चौकोन काळा आहे. म्हणजे मळामुळे चंदेरीचा काळा होतो. काळ्याचा चंदेरी कधीच होत नाही.

आता वरचा हिशेब आठवा. दुसरा, तिसरा, चौथा यांपैकी चंदेरी चौकोन हरवला की आकडा कमीच होणार. २०० च्या रोलची दुसरी पिन मळली तर कॅमेरा १०० वाचेल. तिसरी मळली तर ५०. ४०० च्या रोलची चौथी पिन मळली तर थेट २५. आकडा कमी वाचला म्हणजे कॅमेऱ्याला वाटणार की फिल्म मंद आहे, जास्त प्रकाश द्यायला हवा. फोटो ओव्हर एक्सपोज होतात.

उलट बाजू बघा. रोलवरचा काळा रंग खरवडला गेला आणि धातू उघडा पडला, तर काळ्याचा चंदेरी होतो. एखादा धातूचा कण दोन पिनांच्या मध्ये अडकला तरी तेच. मग आकडा वाढतो. १०० च्या रोलच्या चौथ्या चौकोनावर खोल ओरखडा पडला आणि पिन नेमकी तिथे टेकली, तर कॅमेरा तो १६०० समजू शकतो. फोटोला प्रकाश कमी मिळतो, अंडर एक्सपोज होतो.

या दोन चुका सारख्या नाहीत. रंगीत निगेटिव्ह फिल्मला एक-दोन स्टॉप जास्त प्रकाश मिळाला तरी ती सांभाळून घेते. स्कॅन करताना बरंचसं जुळवता येतं. पण प्रकाश कमी मिळाला तर सावलीतला तपशील फिल्मवर उमटतच नाही. जे उमटलं नाही ते कुठल्याही स्कॅनरला परत आणता येत नाही. स्लाइड फिल्म असेल तर दोन्ही बाजूंनी पंचाईत, कारण ती अर्ध्या स्टॉपची चूकही दाखवते.

आणखी एक गंमत. दुसरी पिन बिघडलेला कॅमेरा २०० ला १०० म्हणतो, ८०० ला ४०० म्हणतो, पण १०० आणि ४०० हे रोल बरोबर वाचतो, कारण त्या दोन्हींत दुसरा चौकोन मुळातच काळा असतो. म्हणून मालक म्हणतो, कॅमेरा कधी नीट चालतो, कधी बिघडतो. प्रत्यक्षात कॅमेरा एकाच पद्धतीने चुकतोय. रोल बदलतोय म्हणून चूक कधी दिसते, कधी दिसत नाही.

पहिली पिन गेली तर अर्थिंगच तुटलं. कॅमेऱ्याला सगळे चौकोन काळे दिसतात आणि तो समजतो, या रोलवर कोडच नाही. ४०० च्या रोलची पाचवी पिन गेली तरी असंच होतं, कारण पाचवा आणि सहावा दोन्ही काळे असलेला नमुना कुठल्याच स्पीडसाठी ठरलेला नाही.

कोड नाही असं वाटलं की कॅमेरा काय करतो?

प्रत्येक कॅमेऱ्याची सवय वेगळी. ऑलिंपस म्यू-२ सारखे अनेक छोटे कॅमेरे कोड नसलेला रोल १०० धरतात. काही कॅमेरे २५ धरतात. काही एसएलआर आयएसओची अक्षरं लुकलुकवतात आणि शटरच उघडत नाहीत. काही जण आधी हाताने लावलेला आकडा पुढे चालू ठेवतात. तुमचा कॅमेरा काय करतो हे त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांच्या पुस्तिका इंटरनेटवर मिळतात, तेवढी एक ओळ शोधून ठेवा.

दुसरं लक्षात ठेवा, स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत सहाच्या सहा पिना नसतात. कुठे दोन, कुठे तीन. अशा कॅमेऱ्याला फक्त मंद रोल आणि वेगवान रोल एवढाच फरक कळतो. तो २०० ला १०० मानत असेल तर तो बिघाड नाही. त्याची बनावटच तशी आहे. खोबणीत डोकावून पिना मोजा, म्हणजे कॅमेऱ्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळेल.

पिनांना दोष देण्याआधी

आता तपासणी. सोप्यापासून सुरू करू.

एक, आयएसओ सेटिंग खरंच डीएक्सवर आहे का? बऱ्याच एसएलआरमध्ये हाताने लावलेला आकडा कोडवर मात करतो. आधीच्या मालकाने कधीतरी १०० लावून ठेवलं असेल, तर तुम्ही काहीही घाला, १०० च दिसणार.

दोन, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन शून्यावर आहे का? अधिक-उणे लिहिलेली ती चकती पिशवीत घासून फिरते. अधिक एकवर राहिली तर परिणाम २०० चा रोल १०० वाचल्यासारखाच दिसतो. आकडा बरोबर आणि फोटो चुकीचे, असं असेल तर आधी इथे बघा.

तीन, रोलवर काही चिकटवलेलं आहे का? सिनेमाची फिल्म रिकाम्या कॅसेटमध्ये भरून विकणारे विक्रेते आता देशभर आहेत. २५०डी किंवा ५००टी असं लिहिलेलं लेबल बऱ्याचदा नेमकं चौकोनांवर येतं. कागदातून वीज जात नाही, म्हणून कॅमेरा कोड नाही असं समजतो. लेबल नसेल तर वेगळी अडचण: कॅसेट आधीच्या २०० च्या रोलची असते आणि कॅमेरा आत ५०० ची फिल्म असूनही २०० वाचतो. इथे कॅमेरा अगदी बरोबर आहे, चूक वेष्टनाची आहे. जाता जाता, अशा फिल्मच्या मागे काजळीसारखा रेमजेट थर असू शकतो. तो न काढता नेहमीच्या सी-४१ लॅबमध्ये देऊ नका आणि देताना सांगा.

चार, कॅसेट चेपलेली आहे का? खाली पडून पोचा आलेल्या कॅसेटचा एखादा चौकोन पिनेपर्यंत पोचतच नाही.

दोन रिकाम्या कॅसेटची चाचणी

आता कॅमेराच तपासू. यासाठी रोल फुकट घालवू नका. तुमच्या लॅबकडे धुतलेल्या रोलच्या रिकाम्या कॅसेट पडलेल्या असतात आणि बहुतेक वेळा त्या कचऱ्यातच जातात. त्यांच्याकडून एक २०० ची आणि एक ४०० ची मागून घ्या. या दोघी का? २०० ची कॅसेट एक, दोन, तीन आणि पाच या पिना तपासते. ४०० ची चौथी तपासते. दोघी मिळून पाच पिनांचा निकाल लागतो. सहावी पिन बघायची असेल तर १२५ किंवा १६० ची कॅसेट लागेल, उदाहरणार्थ इल्फर्ड एफपी४ किंवा कोडॅक पोर्ट्रा १६०.

कॅसेट आत ठेवा, मागचं दार बंद करा आणि आयएसओ दाखवणारं बटण दाबा. बऱ्याच एसएलआरमध्ये फिल्म नसली तरी आकडा दिसतो. बरेच कॅमेरे दार बंद होताना किंवा फिल्म पुढे ओढताना एकदाच कोड वाचतात, म्हणून प्रत्येक चाचणीला दार उघडून पुन्हा बंद करा. २०० च्या जागी १०० आलं तर दुसरी पिन, ५० आलं तर तिसरी, २५ आलं तर दोन्ही. ४०० च्या जागी २५ आलं तर चौथी. दोन्ही कॅसेटना कोड नाही असं दिसलं तर पहिली किंवा पाचवी.

कॅमेऱ्याला स्क्रीन नसेल तर कान वापरा. संध्याकाळी कमी उजेडाच्या खोलीत, फ्लॅश बंद करून, एकाच भिंतीवर रोखून आधी १०० च्या आणि मग ४०० च्या कॅसेटने शटर दाबा. १०० ला शटर जास्त वेळ उघडं राहतं, क्लिक लांबट ऐकू येतं. ४०० ला ते आखूड व्हायला हवं. दोन्ही आवाज सारखेच असतील तर कॅमेऱ्याला फरक कळत नाहीये. फिल्म असल्याशिवाय शटर चालत नसेल तर एखादा वाया गेलेला रोल या कामासाठी कायमचा बाजूला ठेवा.

घरात मल्टिमीटर असेल तर कॅसेटही तपासता येते. बीप वाजणाऱ्या सेटिंगवर ठेवा, एक टोक पहिल्या चौकोनावर आणि दुसरं बाकीच्यांवर टेकवत जा. चंदेरीवर बीप, काळ्यावर शांतता. चंदेरीवरही बीप नसेल तर कॅसेटवर गोंद किंवा तेलकट थर आहे.

पिना साफ कशा करायच्या?

कोकण किनारा, कोलकाता, चेन्नई, कोची अशा दमट हवेत राहणाऱ्यांना हा प्रश्न जास्त भेडसावतो. पावसाळाभर बंद पिशवीत राहिलेल्या कॅमेऱ्याच्या पिनांवर काळपट थर चढतो. दुसरं कारण सगळीकडेच सापडतं: मागच्या दारावरचा जुना फोम. वीस-तीस वर्षांनी त्याचं डांबरासारखं चिकट पीठ होतं आणि ते खोबणीत गळून पिनांवर बसतं. तिसरं कारण गळकी बॅटरी.

आधी रोल काढा, मग बॅटरी काढा. लाकडी टूथपिकने प्रत्येक पिन हलकेच दाबून बघा. ती आत जाऊन लगेच वर यायला हवी. अडकत असेल तर तिच्या कडेने मळ आहे. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावा. काडी ओली हवी, निथळती नको. प्रत्येक पिनेच्या डोक्यावर गोल फिरवा. काडी काळी झाली की नवी घ्या. हट्टी काळपट थर असेल तर पेन्सिलचं साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्याचे कण फुंकणीने बाहेर काढा. हिरवट क्षार असेल तर पांढऱ्या व्हिनेगरने किंचित ओलावलेली काडी आधी फिरवा, मग अल्कोहोल.

तीन गोष्टी करू नका. सॅन्डपेपर वापरू नका, कारण पिनांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असू शकतो आणि तो एकदा गेला की गंज कायमचा पाहुणा. स्प्रे थेट खोबणीत मारू नका, तो आत सर्किटपर्यंत जातो. आणि शटरच्या पडद्याला बोट लावू नका, तो पिनांपेक्षा कितीतरी नाजूक आणि महाग आहे. दहा मिनिटं वाळू द्या, बॅटरी घाला, पुन्हा दोन कॅसेटची चाचणी करा. मळकी पिन हेच कारण असेल तर आकडा इथेच सुधारतो.

साफ करूनही एखादी पिन खालीच राहत असेल तर तिची स्प्रिंग गेली. पिना ठीक असून आकडा चुकत असेल तर आतली पट्टी किंवा सोल्डर तुटलं असेल. हे घरी करायचं काम नाही. मात्र कारागिराकडे जाताना नुसतं बिघडलाय म्हणू नका. चौथी पिन वाचत नाही, असं सांगा. त्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात.

पिन दुरुस्त होत नसेल तर

कॅमेरा टाकून द्यायची गरज नाही. हाताने आयएसओ लावायची सोय असेल तर डीएक्स बंद करून आकडा स्वतः लावा, विषय संपला. ती सोय नसेल आणि कॉम्पेन्सेशन असेल तर त्याने भरपाई करा. ४०० चा रोल कॅमेरा १०० वाचतोय म्हणजे तो दोन स्टॉप जास्त प्रकाश देतोय, म्हणून उणे दोन लावा. हे रोलच्या मध्यात लक्षात आलं तरी करता येतं. दार मात्र उघडू नका.

दोन्ही सोयी नसतील तर कोडच बदला. काळा चौकोन चंदेरी करायचा तर ब्लेडने रंग खरवडा, चंदेरी काळा करायचा तर त्यावर पातळ इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा. २०० चा रोल १०० म्हणून वापरायचा असेल तर फक्त दुसरा चौकोन झाका. ४०० ला ८०० करायचं तर दुसरा खरवडा. प्लास्टिकच्या भरता येणाऱ्या कॅसेटवर धातूच नसतो, तिथे आधी सहाही जागांवर ॲल्युमिनियम फॉइल टेपची एक सलग पट्टी लावा आणि जे चौकोन काळे हवेत तेवढे टेपने झाका. पट्टी सलगच हवी, कारण सगळ्यांचा संबंध पहिल्या चौकोनाशी जोडलेला असायला हवा. टेपच्या कडा नखाने घट्ट दाबा, सुटलेली कड खोबणीत अडकते.

अशा बदलाने लॅबचं काही बिघडत नाही. लॅबच्या यंत्रांसाठी कॅसेटवर वेगळा बारकोड असतो आणि फिल्मच्या कडेलाही आधीच उमटवलेला कोड असतो. त्यांना हात लावू नका म्हणजे झालं.

चुकीचा गेलेला रोल आणि निगेटिव्हचा पुरावा

रोल संपल्यावर चूक कळली तर लॅबला देण्याआधी सांगा. १०० चा रोल ४०० समजून काढला गेला असेल तर दोन स्टॉप पुश करून धुवायला सांगा. सावल्या पूर्ण परत येणार नाहीत, पण चेहरे वाचतील. ४०० चा रोल १०० समजून गेला असेल तर रंगीत निगेटिव्ह नेहमीसारखी धुतली तरी बहुधा भागतं. २५ समजून गेला असेल तर पुल करायला सांगा. कृष्णधवल रोल असेल तर लॅबला डेव्हलपरचा वेळ कमी करता येतो.

आणि निकाल बघताना मोबाइलवर आलेल्या स्कॅनवर जाऊ नका. स्कॅनर स्वतःच उजेड-अंधार सारखा करून देतो आणि पुरावा पुसला जातो. लॅबकडून निगेटिव्ह परत मागा आणि खिडकीसमोर धरा. फ्रेम फार गडद म्हणजे प्रकाश जास्त, फार पारदर्शक म्हणजे कमी. मग फिल्मच्या कडेला छापलेलं नाव आणि क्रमांक बघा. ते कारखान्यात उमटवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. फ्रेम फिकट पण कडेची अक्षरं ठसठशीत असतील तर धुलाई ठीक होती, दोष कॅमेऱ्याकडच्या प्रकाशाचा. अक्षरंही फिकट असतील तर धुलाई कमी पडली किंवा रोल फार जुना होता. कोणाशी वाद घालायचा की नाही, हे या एका नजरेत ठरतं.

तर मंडळी, नवा-जुना कुठलाही कॅमेरा हातात आला की पहिला महत्त्वाचा रोल घालण्याआधी दोन रिकाम्या कॅसेट आणि पाच मिनिटं द्या. कॅमेरा काय चुकतोय हे एकदा कळलं की तो आपला होतो, मग एखादी पिन गेलेली असली तरी. पुढच्या भागात मागच्या दारावरचा तो डांबरी फोम काढून नवा कसा बसवायचा, ते करू. तोपर्यंत कॅमेऱ्याची पिशवी कोरडी ठेवा.